तिजाईचा बांध

समोर जो बांध दिसतो आहे तो मधोमध उंटाच्या पाठीसारखा वर आलेला आहे. कोणत्याही टोकाकडून चालत या, वाट सपाट लागते आणि मध्यावर आलात की चढ चढावा लागतो. मोठमोठे इंजिनिअर येऊन बघतात आणि म्हणतात, मातीचा बांध असा कोणी बांधत नाही. त्यांचं खरं आहे. असा तो कोणी बांधला नाही. तो असा झाला.

गावाचं नाव बांधवडी आणि या बांधाचं नाव तिजाईचा बांध. त्यामुळे येणारा जाणारा आधी विचारतो की तिजाईचं देऊळ कुठं आहे. काही बायका तर खण-नारळ घेऊनच येतात. मला त्यांना सांगावं लागतं, की बायांनो, तिजाई ही देवी नव्हे. तिजाई म्हणजे तिसरा हिस्सा. शेत वाट्याने लावलं आणि पिकाचा तिसरा वाटा ठरला तर त्याला आमच्याकडे तिजाई म्हणतात. इथं मात्र वाटणी पिकाची नव्हती, अख्ख्या मुलखाची होती.

बसा या करंजाखाली. मी जानबा शेडगे, याच गावचा. ही हकिकत मी माझ्या थोरल्या चुलतीकडून ऐकली, तिनं तिच्या सासूकडून. मधे कोणी काही घातलं असेल, काही गाळलं असेल, पण मूळ गोष्ट अशी आहे.

पूर्वी हा सगळा कोरांबे परगणा होता. पश्चिमेला घाटमाथ्याचं रान, मधून खरवडी नदी, आणि पूर्वेला नजर पोचेल तिथवर माळ, एवढा मुलूख एका मामलेदाराच्या हाताखाली. कचेरी एकच, कोरांब्याच्या कसब्यात. डोंगरातल्या माणसाला साधी तक्रार सांगायची तर भाकरी बांधून निघावं लागे. कचेरीत पोचावं, तर मामलेदार माळावर फिरतीला गेलेले. माळावरच्यांनी यावं, तर ते डोंगरात. लोक कंटाळले होते. त्यांनीच म्हणे सरकारकडे गाऱ्हाणं केलं की एवढा मोठा परगणा एकाच्यानं सांभाळवत नाही, काहीतरी करा.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं. मोजणीवर एक गोरा साहेब आला. त्याचं नाव आमच्याकडे कोणाला सांगता येत नाही, सगळे मोजणीसाहेबच म्हणतात. माणूस वाईट नव्हता, हे आमचे जुने लोकही कबूल करतात. डोंगरवाड्यांतून पायी फिरला, लोकांच्या ओसरीवर बसला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, याला इलाज सोपा आहे. तो ज्या मुलखातला होता, तिथं यॉर्कशायर नावाचा असाच एक थोरला परगणा आहे. इतका मोठा, की त्याचेही फार जुन्या काळापासून तीन हिस्से पाडलेले होते. तीन हिस्से जिथं भेटतात तिथं मधे एक मोठं शहर, आणि ते शहर तिन्हींपैकी कोणत्याच हिश्श्यात नाही. मधली जागा कोणाचीच नसली की भांडण होत नाही, असा साहेबाचा हिशेब. त्यांच्या भाषेत त्या हिश्श्याला जो शब्द आहे, त्याचाही मूळ अर्थ तिजाईच म्हणे.

झालं. कोरांबे परगण्याच्या तीन तिजाया झाल्या. डोंगरतिजाई, नदीतिजाई आणि माळतिजाई. प्रत्येकीला वेगळी कचेरी, वेगळा महालकरी, वेगळे शिपाई. लोकांनी तोरणं बांधली. डोंगरातल्या माणसाला सकाळी निघून संध्याकाळी घरी यायला मिळू लागलं. इथवर सगळं ठीक होतं.

तीन हद्दी कुठंतरी मिळायला हव्या होत्या. साहेबानं हा बांध निवडला, कारण तो तिन्हीकडून दिसतो. बांध त्याच्याही फार आधीचा. कोणी म्हणतं एका वंजाऱ्यानं पुण्य म्हणून बांधला, तांड्याच्या बैलांना पाणी मिळावं म्हणून. साहेबानं बांधाचे तीन भाग केले, डोंगराकडचं टोक, माळाकडचं टोक आणि खालचा नदीकडचा उतार; मध्यावर तीन तोंडांचा एक दगड पुरला, आणि आपल्या मुलखातल्या त्या शहराची आठवण ठेवून दगडाभोवती थोडी जागा मोकळी सोडली. ती पट्टी कोणत्याच तिजाईत नाही. लोक तिला मोकळी पट्टी म्हणू लागले.

आता बघा, तलावाचं पाणी खाली सोडायची दगडी मोरी बांधाच्या पोटात नेमकी त्या मोकळ्या पट्टीत आली.

आधीच्या काळी उन्हाळ्यात मामलेदाराचा हुकूम सुटायचा आणि आजूबाजूच्या वाड्या मिळून सगळ्या बांधावर माती टाकायच्या. तिजाया झाल्यावर तीन हुकूम सुटू लागले. प्रत्येक महालकऱ्यानं आपापला बांध असा मजबूत केला की बघत राहावं. मधल्या पट्टीवर मात्र कोणी टोपलीभर माती टाकेना. दोन पावसाळ्यांत ती बसली. ज्या जागी आज उंटाची पाठ आहे, तिथं तेव्हा खोगिरासारखा खोलगा पडला होता.

मग मोरीच्या कडेनं पाझर सुटला.

बांधाखाली जी आळी आहे तिच्यात पहिलं घर रानबा खुटाळाचं होतं. रानबा आणि त्याची बायको बयजा. मूलबाळ नव्हतं. रानबा शांत माणूस, हात जोडून बोलणारा. बयजा तशी नव्हती. तिच्या तोंडाला गाव भिऊन असे. पाझर आधी अंगठ्याएवढा होता, गढूळ नव्हता. पण पाणी गढूळ येऊ लागलं की बांधाची माती वाहते आहे, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. ते गढूळ यायला लागलं तेव्हा रानबा डोंगरतिजाईच्या कचेरीत गेला. बयजाही सोबत गेली.

डोंगरतिजाईचे महालकरी भले गृहस्थ. त्यांनी दोघांना पाणी दिलं, सावलीत बसवलं. नकाशा उलगडून दाखवला. म्हणाले, "बाबा, मोकळ्या पट्टीच्या अलीकडची वीत न् वीत माझी. तिथं मुंगीनं बीळ केलं तरी मी बुजवीन. पलीकडचं मला बघतासुद्धा येत नाही."

"साहेब, पानी नकाशा बघून वाहत न्हाई," बयजा म्हणाली.

"तुमचं खरं आहे," महालकरी म्हणाले आणि नकाशाची गुंडाळी केली.

नदीतिजाईत महालकरी भेटलेच नाहीत. कारकुनानं विचारलं, "घर कुठल्या तिजाईत?"

"नदीतिजाईत. तुमच्यातच हाय," रानबा म्हणाला.

"आणि पाझर?"

"मोकळ्या पट्टीत."

"मग तुझी तक्रार घेता येईल, पाझराची नाही."

माळतिजाईचे महालकरी तापट होते. ते म्हणाले की हा तिघांचा प्रश्न आहे, तिघांनी बसून सोडवला पाहिजे. दोघा नवरा-बायकोला वाटलं, चला, वाट निघाली. पण बसायचं कुठं? हा म्हणे माझ्या कचेरीत या, तो म्हणे माझ्या. शेवटी ठरलं की तिघांनी मोकळ्या पट्टीवरच भेटावं, म्हणजे कोणाला कमीपणा नको. तर तिघांनाही वरून कळवण्यात आलं, की आपल्या हद्दीबाहेर महालकऱ्याला सरकारी बैठक भरवता येत नाही. बैठक राहिली. मोजणीसाहेब तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. त्याच्या जागी जो आला, त्यानं ही हद्द कोणी आणि का आखली हे समजून घ्यायला मुदत मागितली.

हे असं उन्हाळाभर चाललं. रानबाच्या वहाणा झिजल्या असं लोक सांगतात, पण मला वाटतं माणूसच झिजला असणार. हात जोडायचे तर कोणाला, तेच कळत नाही, तेव्हा जोडलेले हात फार जड होतात.

शेवटी रानबानं स्वतःच माती टाकायला घेतली. दुसऱ्या दिवशी नदीतिजाईच्या शिपायानं त्याला धरलं, की सरकारी दगडाजवळ खोदकाम चालवलंस. कचेरीत नेलं. तिथं विचार झाला की गुन्हा घडला कुठं? मोकळ्या पट्टीत. म्हणजे आपल्या हद्दीत नाही. शिपायानं त्याला माळतिजाईत नेलं. त्यांनीही तेच सांगितलं. डोंगरतिजाईनं तर त्याला जेवू घालून परत पाठवलं. रानबा घरी आला तेव्हा बयजा खूप हसली म्हणे. म्हणाली, "बरं झालं. तुला धरायलाबी कुनी न्हाई आन वाचवायलाबी कुनी न्हाई."

पण तिन्ही कचेऱ्यांची त्यात नाचक्की झाली होती. तिघांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक गोष्ट एकमतानं केली. हुकूम काढला, की तिजाईची माती तिजाईबाहेर कोणी नेऊ नये. नेईल त्याच्यावर खटला. माती खणली जाते ती जागा तर कोणत्या ना कोणत्या तिजाईत असणारच, म्हणजे गुन्हा आता हद्दीत बसला.

गाव भ्यालं. त्यात भ्यायचं काय, असं तुम्हाला आज वाटेल. तुम्ही कचेरीच्या व्हरांड्यात बसून दिवस घालवले नसतील. जे घालवतात ते भितात.

रानबानं माती बाहेरून आणायची सोडली आणि आपलं अंगण खणायला घेतलं. आपल्या घरची माती आपण कुठंही टाकू, कोण विचारतो, असं त्याचं म्हणणं. सकाळी चार टोपल्या, संध्याकाळी चार टोपल्या. तुळशीवृंदावन तेवढं उभं राहिलं, बाकी अंगणाचा खड्डा झाला. बयजा त्या खड्ड्यातून उतरून चढून पाणी आणायची. एक दिवस ती वैतागली. म्हणाली, "गावाचा बांध राखता राखता माझं घर मोडलंस. हितं वरच्या आळीतले मजेत झोपत्यात, आन तू भिंतीखालची माती काढतूस?"

रानबा म्हणाला, "भिंत पडली तर आपल्या दोघांवर पडंल. बांध फुटला तर सगळ्यांवर."

दुसऱ्या दिवसापासून दुसरी टोपली तिनं उचलली.

त्या वर्षी श्रावण कोरडा जातो की काय असं वाटत होतं, आणि वद्य पक्षात जो पाऊस लागला तो थांबेना. घाटमाथ्यावरचे ओढे लाल होऊन तलावात उतरले. तलाव भरला, सांडवा वाहू लागला, सांडव्याला पाणी आवरेना. एकादशीच्या दुपारी रानबा मोरीपाशी होता. बयजा घरून टोपली भरून निघाली होती. ती बांधाच्या पायथ्याशी आली आणि तिच्या डोळ्यांदेखत मधल्या खोलग्याची ओली माती सरकली. रानबा वर बघायच्या आत ती सगळी माती त्याच्यावर आली.

लोक धावले. हातांनी माती उपसू लागले. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की पाझर थांबला आहे. सगळा उन्हाळा जो बुजला नाही, तो माती सरकल्यावर, आत माणूस गेल्यावर, बुजला होता. हात थांबले. माणसाला काढावं तर त्याच्या जागी पाणी येणार, आणि खाली सगळी आळी. न काढावं तर?

गावाचा पोलीस पाटील म्हणाला की पंचनामा झाल्याशिवाय प्रेताला हात लावता येणार नाही. तिन्ही कचेऱ्यांत माणसं पळाली. भर पावसात चिखल तुडवत गेली आणि तशीच परत आली. तिन्हीकडून एकच उत्तर. अपमृत्यू आमच्या हद्दीत नाही.

असं सांगतात की बयजा तोवर रडली नव्हती. हे उत्तर ऐकल्यावरही रडली नाही. ती वर चढली, रानबा जिथं गाडला गेला होता त्याच्या वर, तीन तोंडांच्या दगडाला पाठ लावून बसली. पाणी काठाला लागलं होतं. भावकीतले तिला उठवायला आले.

"बयजा, चल. काढू त्याला. अग्नी तर दिला पायजे."

"कुनी हात लावायचा न्हाई त्याला," ती म्हणाली. "त्यो खाली हाय म्हणून तुम्ही वर उभं हाय. त्याला काढाल तर त्यानं केलेलं समदं मातीत जाईल."

"मग तू तरी चल."

तेव्हा तिनं शपथ घेतली. म्हणाली, "तिन्ही तिजायांची माती हितं पडल्याबिगर मी उठायची न्हाई. पानी आलं तर मला घिऊन जाईल. मी बी त्याच्यासारखीच कुनाच्या हद्दीतली न्हाई."

लोक खाली मान घालून उभे राहिले. वरून पाऊस, समोर पाणी, मागे हुकूम. प्रत्येकाच्या मनात असेल की आधी दुसऱ्यानं टोपली उचलावी. बयजा एकेकाकडे बघत होती. नाव घेऊन शिव्या देत होती असंही सांगतात, आणि मला ते खरं वाटतं.

डोंगराच्या अंगानं एक बाई आली. कोंडाबाई तिचं नाव, वयस्कर, डोंगरतिजाईच्या पहिल्या वाडीतली. तिनं लुगड्याच्या ओच्यात लाल माती बांधून आणली होती. पायथ्याशी शिपाई उभा होता. त्यानं विचारलं, "काय आहे ओच्यात?"

"ओटी," कोंडाबाई म्हणाली. "बाईची ओटी भरायला निघालेय. तुझ्या हुकुमात ओटीला बंदी हाय का?"

विधवेची ओटी कोणी भरत नाही हे शिपायालाही ठाऊक होतं, पण हुकुमात ओटीचं नाव नव्हतं. ती वर गेली आणि तिनं ती माती बयजाच्या पुढ्यात ओतली. मग नदीकाठच्या बायका आल्या, ओच्यात काळी माती घेऊन. माळावरच्या आल्या, पांढुरकी चिकण माती घेऊन. शिपाई प्रत्येकीला विचारत होता आणि प्रत्येक बाई ओटी म्हणून सांगत होती. बायका जाऊ लागल्यावर पुरुषांना लाज वाटली असेल. त्यांनी टोपल्या उचलल्या. ओट्यांत न मावणारी माती आली. ज्या वाड्या खाली नव्हत्या, ज्यांच्या घराला बांध फुटल्यानं काही झालं नसतं, त्याही वाड्यांतून माणसं आली. शिपायानं शेवटी डोक्याचं फडकं सोडून त्यात माती भरली म्हणतात. तो शिपाई कोण होता हे मात्र कुणी सांगत नाही. त्याची नोकरी जाऊ नये म्हणून त्याचं नाव तेव्हा लपवलं, ते कायमचं लपलं.

पाणी चढत होतं आणि मातीही चढत होती. म्हणे, एकदा पाणी बयजाच्या पायाला लागलं. लोक ओरडले. ती पाय वर न घेता तशीच बसून राहिली. पाणी तिच्या पावलांवरून फिरलं आणि हळूहळू मागं गेलं, जसं देवळाच्या पायरीला हात लावून माणूस मागं फिरतो. कोणी म्हणतं घाटावरचा पाऊस त्याच घटकेला थांबला होता. तसंही असेल. ज्यांनी ते पाय पाहिले त्यांनी पावसाचं नाव घेतलं नाही.

बांध वाचला. आळी वाचली. मधला खोलगा भरून त्याच्यावर एवढी माती साचली, की ती ही अशी वर आली.

पाऊस उघडल्यावर तिन्ही महालकरी आले. आपापल्या भागाच्या टोकाला उभे राहिले. त्यांना एवढंच हवं होतं की हुकूम मोडणाऱ्यांची नावं आणि तिजाया कळाव्यात. तापट होते ते माळतिजाईचे महालकरी पहिल्या माणसाला म्हणाले, "तू कुठल्या तिजाईचा?"

"मी हितला. मोकळ्या पट्टीचा."

दुसऱ्याला विचारलं. तोही मोकळ्या पट्टीचा. कोंडाबाईला विचारलं. तीही. अख्खा बांध माणसांनी भरलेला आणि सगळे मोकळ्या पट्टीचे. खटला भरायचा तर हद्द हवी. महालकरी आले तसे तीन वाटांनी गेले.

गोष्ट इथं संपती तर मी ती एवढ्या वैतागानं सांगितली नसती.

काही काळानं ही बातमी वरपर्यंत गेली. एका माणसानं जीव देऊन बांध राखला, हे साहेबलोकांना फार आवडलं. रानबाच्या बायकोला मानाची शाल द्यावी आणि ज्या तिजाईत असा माणूस निपजला, तिच्या कचेरीचाही गौरव करावा, असं ठरलं. आणि मग तुम्हाला खोटं वाटेल, तिन्ही कचेऱ्यांतून माणसं बयजाकडे धावत आली. नदीतिजाई म्हणाली, रानबाचं घर आमच्यात, म्हणून रानबा आमचा. डोंगरतिजाई म्हणाली, त्याचा जन्म आजोळी डोंगरात झाला, म्हणून आमचा. माळतिजाईवाल्यांनी शोधून काढलं, की त्याचं एक वावर माळाच्या हद्दीत आहे. ज्या पट्टीवर टोपलीभर मातीला धनी नव्हता, तिथल्या मेलेल्या माणसाला एका आठवड्यात तीन धनी झाले.

बयजानं तिघांनाही ऐकून घेतलं. तिनं अंगण अजून बुजवलं नव्हतं. त्या खड्ड्याच्या काठावरच सगळे उभे होते. ती म्हणाली, "त्यो जिता हुता तवा तुमच्या तिघांच्याबी दारात हुबा राहिला. हात जोडून. तवा त्यो कुनाचा हुता, ते आधी सांगा. मग आता कुनाचा ते मी सांगते."

शाल परत गेली.

उन्हाळ्यात तलाव आटला, धोका टळला. भावकीनं पुन्हा विषय काढला, की आता रानबाला बाहेर काढू आणि रीतीनं अग्नी देऊ. बयजानं बांधाच्या उघड्या पडलेल्या कडेकडे बोट केलं. तिथं लाल, काळी, पांढरी माती एकमेकींत अशी कालवली गेली होती, की कुठली कोणाची हे सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, "यातली कुठली त्याच्या अंगावरची, ती कशी निवडशाल?" मग तो विषय कायमचा संपला. एकादशीला तिन्हीकडून थोडी थोडी माती आणून त्या जागी टाकायची, आणि आपल्या हद्दीतल्या बांधावर त्या दिवशी टाकायची नाही, शेजाऱ्याच्या भागावर किंवा मध्यावर टाकायची, हा रिवाज तेव्हापासून पडला.

तिजाया पुढं मोडल्या. त्यांचे तालुके झाले, मग तालुक्यांचेही तुकडे झाले, एक तुकडा तर दुसऱ्याच जिल्ह्यात गेला. मागे एक पाहुणे आले होते, त्यांची मुलगी त्या यॉर्कशायरातच असते. ते सांगत होते, की तिथंही सरकारनं जुन्या तीन तिजाया कधीच्या मोडल्या, नवे भाग पाडले, काही गावं शेजारच्या मुलखाला दिली. लोक मात्र अजून आपला मुलूख जुन्याच नावानं सांगतात. मला त्या साहेबाचा राग यायचा, पण ते ऐकून राग थोडा कमी झाला. त्याच्याही गावाचं तेच झालं म्हणायचं.

आमचा त्रास कमी झाला नाही. माझं मतदान एका तालुक्यात, रेशन दुसऱ्यात, आणि पोलीस ठाणं असं की तिथं पोचेतो चोर म्हातारा व्हावा. या बांधावर एक दिवा लागावा म्हणून मी पंचायतीत असताना किती वर्षं फिरलो, ते विचारू नका. खांब तिन्हीकडून आले. आपापल्या टोकाला उभे आहेत. मध्ये अंधार आहे.

बयजा पुढं पुष्कळ जगली. घर सोडून इथं पट्टीवर झोपडी घालून राहिली. सरकारी माणूस आला की त्याला बसवून घ्यायची, भाकरी द्यायची आणि पोटभर शिव्या द्यायची. ती एका पहाटे बसल्या जागीच गेली. लोकांनी तिला इथंच अग्नी दिला. पोलीस पाटलानं रीतीप्रमाणे मृत्यू कळवला. तिन्ही कचेऱ्यांतून तो परत आला, की मयत बाई आमच्या हद्दीत राहत नव्हती. नव्या कचेऱ्या आल्या तेव्हा कोणीतरी पुन्हा खटपट केली. त्यांनीही तेच कळवलं. म्हणजे सरकारदरबारी बयजा खुटाळ मेलेलीच नाही.

आमच्या लोकांनी ते सरकारचं म्हणणं खरं धरलं. आजही एकादशीला माणूस टोपली घेऊन वर येतो, मध्यावर थांबतो, आणि माती ओतायच्या आधी हळूच म्हणतो, "बयजाई, जरा सरक." मग थोडा वेळ थांबतो. म्हातारीला उठायला वेळ लागतो. आणि मगच टोपली पालथी करतो.